किल्ली एकाच खोलीची द्या!

मित्रमैत्रिणींनो, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण हा विषय आपल्या होस्टेलचा आहे, म्हणून मराठीतच मांडते.

आपले प्रोजेक्ट व्हायवा झाली की मरतात. सीनियर्सच्या रिपोर्टमधल्या पाच लिंक मी उघडून पाहिल्या, एकही चालेना. फुकटच्या जागेचं असंच असतं. हेरोकूने नोव्हेंबर 2022 मध्ये फुकट योजना बंद केली, तेव्हा अनेकांना बिऱ्हाड हलवावं लागलं. म्हणून आम्ही चौघींनी लॅबमधल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स आणि कूलिफाय टाकलं. इथे खोडदला आपल्या शास्त्रज्ञांनी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या केल्या, आपल्याला एक पीसी जड का जावा?

गंमत छान आहे. गिटहबवर कोड पुश केला की सर्व्हर तो ओढून घेतो, डॉकरमध्ये बिल्ड करतो आणि नवी आवृत्ती चालू करतो. गिटहबचा निरोप कॉलेजच्या नेटमधून आत येईना, तर दर पाच मिनिटांनी सर्व्हरनेच "नवीन काही आहे का?" विचारायचं, अशी छोटी स्क्रिप्ट लावली. पेनड्राइव्ह घेऊन पळापळ बंद!

आता माझी चूक. जोडताना गिटहबने विचारलं, सगळ्या रिपॉझिटरी की निवडक? मी घाईत 'सगळ्या' निवडलं. मेसच्या हिशेबाच्या ॲपला एकच पुरेशी होती. दुसऱ्या एका खाजगी रिपॉझिटरीत होस्टेलच्या मुलींचे खोली नंबर आणि आईवडिलांचे फोन होते. आणि सर्व्हरचा पासवर्ड? मॉनिटरवर चिकटवलेला! दोन दिवस लॅबमध्ये येणारा कुणीही ती यादी काढू शकला असता. कुणी काढली नसावी. पण छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी प्रत्येकीच्या खोलीवर जाऊन सांगितलं. एक जण अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि तिचं काही चुकत नाही.

यावर काही जण म्हणतात, "बंदच करा ते सगळं." मला हे पटत नाही. चोरी होईल म्हणून कुणी घर बांधायचं थांबत नाही, कुलूप लावतो. शिवनेरीवर जाताना सात दरवाजे लागतात. आपल्या सर्व्हरला निदान चार असू देत : एका प्रोजेक्टला एकच डिप्लॉय की, तीही फक्त वाचण्यापुरती. पासवर्ड आणि लोकांची माहिती कोडमध्ये नाही. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं. आणि कॉलेज सोडताना, नो ड्यूजच्या फॉर्मवर सही घेतो तसं, आपली की रद्द करून जायचं.

लाईट गेली तर? बंद पडेल. आली की चालू होईल. बॅकअप मात्र दुसऱ्या मशीनवर हवा.

सर-मॅडम, आम्हाला एक पीसी आणि एक यूपीएस द्या. किल्ल्या सांभाळायला आम्ही शिकतोय. मी तर चांगलीच शिकले!