तबकडीवरील नाव

लताबाई मंगेशकर इंदूरच्या की गोव्याच्या, हा वाद आम्हा माळव्यातील मराठी मंडळींना फार प्रिय आहे. २८ सप्टेंबर १९२९ रोजी त्या इंदुरास जन्मल्या, हे खरे. मास्टर दीनानाथांचे मूळ मंगेशीचे, हेही तितकेच खरे. यात भांडण्यासारखे काय आहे, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. भांडावयास हवे असा प्रश्न निराळाच आहे.

१९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. दिग्दर्शन कमाल अमरोहींचे, शब्द नक्षबांचे, चाल खेमचंद प्रकाशांची. 'आयेगा आनेवाला' या गीताचा स्वर दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता, आणि तसा भास निर्माण करणारी यंत्रे तेव्हा नव्हती. म्हणून मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवून लताबाईंना कोपऱ्यापासून गात गात त्याच्याकडे चालत येण्यास सांगण्यात आले. पावलागणिक श्वास सांभाळावयाचा, स्वर ढळू द्यावयाचा नाही, आणि मायक्रोफोनपाशी पोहोचताच मुखडा उचलावयाचा! विशीच्या उंबरठ्यावरील मुलीने हे केले. तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून कोणाचे नाव होते? 'कामिनी'! पडद्यावर मधुबालेने रंगविलेल्या पात्राचे. जी कथेबाहेर अस्तित्वातच नव्हती, ती गायिका ठरली. पुढे रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा इतकी वाढली की, रेकॉर्ड कंपनीकडून खरे नाव मिळवून ते सांगावे लागले.

ती त्या काळची रूढीच होती, असे समर्थन आमचे काही मित्र करतात. असेल, पण ती कोणाच्या सोयीची होती? ज्याचे नावच नाही, त्याने हक्क मागावा तरी कशाच्या जोरावर? लताबाईंनी हे ओळखले होते. 'चोरी चोरी'च्या संगीतास फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा समारंभात 'रसिक बलमा' गाण्यास त्यांनी साफ नकार दिला. कारण पार्श्वगायनास पारितोषिकच नव्हते. ते १९५९ पासून सुरू झाले आणि पहिले 'मधुमती'तील गीताकरिता त्यांनाच मिळाले. गायकांच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात स्पष्टपणे येण्यास मात्र २०१२ साल उजाडावे लागले.

गायिकेस निदान नाव तरी मिळाले. वाद्यमेळ बांधणाऱ्यांचे काय? शंकर-जयकिशनांच्या कित्येक गाण्यांचा वाद्यवृंद सेबॅस्टियन डिसोझांनी रचला. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. दोघेही गोमंतकाचे पुत्र. पण घरोघरच्या तबकड्यांवर त्यांची नावे शोधून पाहावी! मंगेशीच्या उल्लेखाने ज्यांचा ऊर भरून येतो, त्या आमच्या गोमंतकीय बंधूंना माजोर्ड्याची आठवण का होत नाही? आणि आम्ही इंदूरकर तरी निराळे कोठे आहोत? सप्टेंबरात येथे लताबाईंच्या गीतांचे कार्यक्रम रंगतात. निवेदक अर्धा घटका विशेषणे उधळतो, आणि गीतकाराचे नाव सांगावयाचे विसरतो.

येत्या सप्टेंबरात प्रत्येक गीतापूर्वी कवी, संगीतकार आणि ज्ञात असेल तेथे वाद्यवृंदरचनाकार यांची नावे उच्चारली जावीत, एवढी मागणी आम्ही येथील आयोजकांकडे करीत आहोत. मडगाव-पणजीच्या आयोजकांनीही ती आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे.