रुक्मिणीचा चेहरा

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, ही वऱ्हाडची श्रद्धा. वर्धेच्या काठावरील या गावातून दर आषाढीला तिची पालखी पंढरपूरला जाते. परंतु अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी हा आदिवासी समाजही रुक्मिणीला आपली लेक मानतो. रोइंगजवळचे भीष्मकनगर ही तिच्या पित्याची राजधानी, असे तिकडे सांगतात. कोणाची आख्यायिका खरी, या वादात आम्हांला शिरावयाचे नाही. ही हकीकत इकडे सांगितली की ऐकणारा प्रथम हसतो, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो होतो. त्या हसण्यात द्वेष नव्हता. रुक्मिणीचा चेहरा मनात आधीच ठरलेला होता आणि तो मिश्मी नव्हता, इतकेच.

देशाच्या नेत्याचा चेहराही असाच ठरलेला असतो. १९७७ मध्ये जनता राजवट आली, तेव्हा १९७१ च्या युद्धातील संरक्षणमंत्री बाबू जगजीवनराम यांना डावलून पंतप्रधानपद मोरारजींना देण्यात आले. आणीबाणीच्या मंजुरीचा ठराव बाबूजींनीच लोकसभेत मांडला होता, हा आक्षेप खोटा नव्हता. पण तेवढे एकच कारण मनात होते काय, हे आपण समाजवाद्यांनी स्वतःला क्वचितच विचारले. दलित, आदिवासी आणि मुस्लिम या तिघांनाही राष्ट्रपतिपद लाभले. पंतप्रधानपद आजवर एकालाही नाही.

‘आमची हरकत नाही हो, पण लोक मते देत नाहीत,’ हे यावरचे ठरीव उत्तर. वऱ्हाडचा इतिहास ते खोटे पाडतो. अकोल्याने १९६२, १९६७ आणि १९७१ अशा सलग तीन निवडणुकांत मुस्लिम खासदार निवडला. वाशीमने १९८० आणि १९८४ मध्ये थेट काश्मीरचे गुलाम नबी आझाद लोकसभेत पाठविले. १९९८ मध्ये अमरावतीतून रा. सू. गवई आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर विजयी झाले, तेही खुल्या मतदारसंघांतून. आणि २०२४ मध्ये? साडेअकरा टक्के मुस्लिम लोकसंख्येच्या महाराष्ट्रात ४८ जागांवर दोन्ही मोठ्या आघाड्यांना एकही मुस्लिम उमेदवार सापडला नाही. येथे नकार देण्याची संधीच मतदाराला मिळाली नव्हती. नकार उमेदवारीच्या यादीतच लिहिला गेला होता.

ती यादी करणारे हात आपल्याच विचारांच्या माणसांचेही आहेत. मेळघाटातील कोरकू कार्यकर्त्याला आपण आदिवासी आघाडी देतो, मुस्लिम कार्यकर्त्याला अल्पसंख्याक विभाग. कापसाच्या भावावर किंवा अर्थसंकल्पावर बोलावयाचे असले की वक्ता दुसराच असतो. पुढील कार्यकारिणीची नावे ठरविताना सरचिटणीस आणि खजिनदार या दोन पदांपुढे आपल्याला प्रथम कोणाची नावे सुचतात, ते प्रत्येक शाखेने कागदावर मांडावे आणि तो कागद सभेत वाचून दाखवावा.