मुरादनगरचा सोनू, चेन्नईचा चिन्ना थला

नामवंत खेळाडूला भेटल्याच्या आठवणी दोन प्रकारच्या असतात: तो नावारूपाला येण्याआधीच्या आणि आल्यानंतरच्या. सुरेश रैनाच्या बाबतीत हे दोन प्रकार नकाशावरही वेगळे दाखवता येतात. पहिला गाझियाबाद जिल्ह्यातल्या मुरादनगरचा, दुसरा चेन्नईचा.

मुरादनगर हे दिल्ली-मेरठ रस्त्यावरचे गाव. गंगेचा कालवा आणि दारूगोळा कारखाना या त्याच्या दोन खुणा. रैनाचे वडील त्रिलोकचंद या कारखान्यात नोकरीला होते. खडकी, अंबरनाथ किंवा वरणगावच्या कारखाना वसाहतीत राहिलेल्यांना तिथले जग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अशा वसाहतीत मुलाची ओळख वडिलांच्या नावावरून आणि त्यांच्या खात्यावरून होते. 27 नोव्हेंबर 1986 रोजी जन्मलेला, घरात ‘सोनू’ म्हणून हाक मारला जाणारा हा मुलगा शाळकरी वयातच लखनौच्या क्रीडा महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेला. सोळाव्या वर्षी तो उत्तर प्रदेशकडून रणजी खेळला आणि 2005 च्या जुलैत दांबुल्लाला भारताच्या एकदिवसीय संघात आला. त्या सामन्यात मुरलीधरनने त्याला पहिल्याच चेंडूवर बाद केले.

प्रसिद्धीआधीच्या आठवणीला पुरावा नसतो. दहा वर्षांच्या पोराची सही कोणी घेत नाही, त्याच्यासोबत फोटो काढायला कोणी थांबत नाही. गल्लीत त्याला चेंडू टाकला किंवा त्याने मारलेला फटका कुणाच्या खिडकीवर गेला, इतकेच घडलेले असते. त्या दिवशी त्याला काडीचे महत्त्व नसते. ते पुढे तिन्ही प्रकारांत आंतरराष्ट्रीय शतक ठोकणारा पहिला भारतीय, अशी त्याची नोंद झाल्यावर येते. म्हणून गावातली आठवण ‘मी त्याला भेटलो’ अशी नसते, ‘आम्ही त्याला तेव्हापासून ओळखतो’ अशी असते. तिच्यात कौतुकाइतकाच हक्क असतो.

चेन्नईची आठवण याच्या उलट. तिथे रैना आला तो 2008 मध्ये, आयपीएलच्या चेन्नई संघात, आधीच भारताकडून खेळलेला. संघातला धोनी ‘थला’ म्हणजे नेता, म्हणून रैना ‘चिन्ना थला’, धाकटा नेता. हे नाव चाहत्यांनीच दिले. इथली भेट विमानतळावर, हॉटेलच्या दाराशी किंवा सरावाच्या जाळीपलीकडून होते. ती काही सेकंदांची असते. पण तारीख, वेळ आणि कपड्यांचा रंग यांसह जपली जाते. 15 ऑगस्ट 2020 रोजी धोनीपाठोपाठ रैनानेही आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडले, तेव्हा अशा भेटींचा सगळा साठा एका संध्याकाळी बाहेर आला.

गाव आणि मैदान यांत मुळात अंतरच नव्हते, असाही एक खेळ आहे. रग्बी लीगचा जन्म 29 ऑगस्ट 1895 रोजी उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या एका हॉटेलात झाला. भांडण मजुरीचे होते. सामन्यासाठी खाण किंवा गिरणीतला खाडा पडला तर बुडालेली मजुरी मिळावी, ही मागणी नाकारली गेली आणि तिथल्या क्लबांनी वेगळी संघटना काढली. पुढची कित्येक दशके हे खेळाडू आठवडाभर कामावर आणि शनिवारी मैदानावर असत. शनिवारी ज्याच्या नावाने ओरडायचे, तोच सोमवारी शेजारच्या यंत्रावर उभा. विगन क्लबसाठी 478 ट्राय करणाऱ्या बिली बॉस्टनने निवृत्तीनंतर त्याच गावात पब चालवला. त्याला भेटायला चाहत्याला पेल्याचे पैसे मोजणे पुरेसे होते. 2025 मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. या खेळातल्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळत होता. हल शहराने क्लाइव्ह सलिव्हन या कर्णधाराचे नाव थेट मुख्य रस्त्याला दिले.

भेटीचे साधन बदलले तशी आठवणही बदलली. सही घेण्यात एक छोटा व्यवहार असे. वहीचे कोरे पान शोधायचे, पेन चालत नाही म्हणून झटकायचे, मित्राची पाठ पुढे करायची. आणि खेळाडू मान खाली घालून विचारणार, ‘नाव काय?’ त्या दोन शब्दांमुळे भेट दुतर्फा होई. सेल्फीत दोघेही फोनकडे पाहतात, एकमेकांकडे नाही. पुरावा पक्का मिळतो, संभाषण मात्र बहुतेक वेळा होतच नाही.

या आठवणी कितपत खऱ्या? मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना डिस्नेच्या उद्यानाची एक बनावट जाहिरात दाखवली, तीत बग्ज बनी होता. नंतर काहींनी लहानपणी तिथे त्याच्याशी हात मिळवल्याचे सांगितले. बग्ज बनी वॉर्नर ब्रदर्सचा. डिस्नेच्या उद्यानात तो भेटणे शक्यच नाही. खेळाडूंच्या आठवणींना निदान धावफलकाची चाळणी आहे. 2010 च्या जुलै अखेरीस रैना गाझियाबादेत चहा प्यायला, असे कोणी सांगू लागले तर त्याच दिवसांत तो कोलंबोत कसोटी पदार्पणाचे शतक करत होता, हे पडताळता येते. तपशील चुकला म्हणून सांगणारा लबाड ठरत नाही. वारंवार सांगितलेली गोष्ट गुळगुळीत होत जाते, एवढेच.

खेळाडूंच्या लक्षात कोणता चाहता राहतो, याचे उत्तर 2019 च्या डिसेंबरात मिळाले. चेन्नईच्या ताज कोरोमंडल हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याने अनेक वर्षांपूर्वी सचिन तेंडुलकरला सांगितले होते की कोपराला पॅड बांधले की त्याची बॅट फिरवण्याची पद्धत बदलते. तेंडुलकरने ते पॅड नव्याने बनवून घेतले आणि इतक्या वर्षांनी त्या माणसाला शोधून देण्याचे जाहीर आवाहन केले. थोड्याच दिवसांत तो सापडला. सह्या मागणारे असंख्य असतील. लक्षात राहिला तो ज्याने खेळ नीट पाहिला होता.

अशा भेटीची जागा आता आक्रसत चालली आहे. 2020 ची आयपीएल यूएईत रिकाम्या मैदानांवर झाली. कोरोनाची साथ ओसरली, पण सुरक्षेचे कडे आणि प्रायोजकांचे वेळापत्रक कायम आहे. 4 जून 2025 रोजी बंगळुरूत आयपीएल विजेत्या संघाची झलक पाहायला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 11 जण मरण पावले. लाखोंना एकाच वेळी, एकाच दारातून ‘भेट’ देण्याचा हा हट्ट आहे, आणि त्याची जबाबदारी चाहत्यांच्या वेडावर ढकलून चालणार नाही. राज्य संघटनांनी हंगामात ठरावीक सराव लोकांसाठी खुले ठेवावेत, संख्या मर्यादित ठेवून आणि शाळकरी मुलांना अग्रक्रम देऊन. रणजीच्या सामन्यांना प्रवेश सुलभ असावा. कारण पुढचा रैना तिथेच, कोणी न ओळखता, सीमारेषेवर उभा असतो. त्याला चार माणसे आजच भेटली, तर उद्या गर्दी थोपवण्याची वेळ थोडी कमी येईल.