बेट आठवतें, पण ऐकूं येतें काय?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानशी मैफल झाली. आमच्या पुतण्यानें दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक सेलो यांसाठीं एक रचना केली असून तिला ‘जंजिरा’ हें नांव दिलें आहे. पाश्चात्त्यांकडील हें संगीत दिवाणखान्यांतलें. चार वाद्यांनीं आपसांत बोलावें व जवळ बसलेल्यांनीं तें संभाषण ऐकावें, अशी त्याची रीत.

‘जंजिरा’ हा शब्द मुळीं बेट या अर्थाच्या अरबी ‘जझीरा’वरून आला. मुरुडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीनें त्या किल्ल्यावर जाणें, हा आमच्या घरांतील प्रत्येक मुलाच्या सुट्टींतला सोहळा असे. तेथील घर विकलें तेव्हां पुतण्या नऊ वर्षांचा होता. त्यामुळें रचना ऐकतांना आम्हां सर्वांचे डोळे पाणावले, यांत नवल नाहीं. काकू मात्र म्हणाल्या, “बाळ, गोड आहे रे, पण यांत ओहोटी कोठें आहे?”

तो हिरमुसला. तेव्हां आम्हीं त्यास मेंडेल्सनची गोष्ट सांगितली. १८२९ च्या ऑगस्टांत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांच्या प्रवासांत त्यानें बहिणीस पत्रांतून एक स्वरमालिका लिहून पाठविली; स्टाफा बेटावरील फिंगलची गुहा त्यानें दुसऱ्या दिवशीं पाहिली. स्फूर्ति क्षणाची, परंतु त्या वाद्यवृंदाच्या रचनेवर तो पुढें तीन वर्षें खपला. १८३२ सालीं त्याची तक्रार अशी कीं, मधल्या भागास माशांच्या तेलाचा व समुद्रपक्ष्यांचा वास येण्याऐवजीं शास्त्राचाच अधिक येतो! सोवळ्या घरांना ही तक्रार गमतीची वाटेल. पण काकूंची तक्रार हीच नव्हे काय?

इकडे कुमार गंधर्व १९४८ मध्यें देवासास आले ते क्षयाच्या आजारामुळें. माळवा कांहीं त्यांच्या बालपणींचा प्रदेश नव्हता. अंथरुणावर पडून त्यांनीं तेथील लोकगीतें ऐकलीं आणि त्या धुनांतून पुढें ‘मालवती’, ‘सहेली तोडी’ यांसारखे राग घडविले. तेथें आठवणींची पुंजी नव्हती, कान होते.

आपल्या घरींही गांवच्या ओढीनें लिहिणारें वा गाणारें एखादें मूल असेल. त्याच्या ओढीस हंसूं नये. पण केवळ आपल्या डोळ्यांतील पाण्यावरून त्याच्या कृतीची किंमतही करूं नये. आम्हीं रडलों तें घरासाठीं. बेट आम्हीं ऐकलेंच नव्हतें.

घर परत मिळावयाचें नाहीं. ओहोटी मात्र दिवसांतून दोनदां होते. पावसाळा संपून होड्या सुरू झाल्या कीं पुतण्या राजपुरीस जाणार आहे. काकूंनींही आपली पिशवी काढून ठेवली आहे.