खिडकीची जागा आणि वाटपाचा न्याय

प्रशासनात 'वाटप' हा शब्द रोज कानावर पडतो. भूखंडांचे वाटप, शासकीय निवासस्थानांचे वाटप, बियाण्यांचे वाटप, नुकसानभरपाईचे वाटप. माझ्या सेवेतील बरीच वर्षे या ना त्या वाटपात गेली. त्यामुळे मर्यादित वस्तू अनेकांत न्यायाने कशी वाटावी हे आपल्याला कळते, असा माझा समज होता. २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात दिल्ली ते गुवाहाटी या जेमतेम अडीच तासांच्या विमानप्रवासात तो समज दूर झाला.

आम्ही घरातील सात माणसे निघालो होतो. एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, माझे पती, महाविद्यालयात शिकणारी मुलगी, धाकटे दीर, जाऊ, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पाय लांब करता येतील अशी पहिली रांग हवी होती, म्हणून जादा शुल्क भरून तेथील डावीकडील तीन जागा घेतल्या. सहाव्या रांगेत डावीकडेच आणखी तीन मिळाल्या. सातवी जागा मात्र थेट अठ्ठाविसाव्या रांगेत, दोन अनोळखी प्रवाशांच्या मधली.

आरक्षण मी केले होते, त्यामुळे कोण कुठे बसणार हे ठरवण्याचे कामही आपोआप माझ्याकडे आले. सासूबाई पुढे, कडेच्या जागेवर. त्यांच्या शेजारी पती, कारण त्यांना उठता-बसता आधार लागतो. त्या रांगेतील खिडकी मुलीला. सहाव्या रांगेतील खिडकी पुतण्याला, त्याच्याजवळ त्याचे वडील आणि कडेला मी. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच आरक्षणातील किमान एका पालकाजवळ जागा द्यावी, अशी सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली विमान कंपन्यांना केलीच आहे. उरलेल्या जागेपुढे मी जाऊबाईंचे नाव लिहिले. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला कुठेही चालेल, ताई."

दिल्लीहून पूर्वेकडे जाताना हिमालय डाव्या हाताला राहतो. आकाश स्वच्छ होते. वैमानिकाने डावीकडे पाहण्यास सांगितले आणि बर्फाच्छादित शिखरांची रांग दिसू लागली. पुतण्याने खिडकीला नाक लावले. मी आणि दीर वाकून वाकून पाहत होतो. पहिल्या रांगेत माझी मुलगी आदल्या रात्रीच्या जागरणामुळे खिडकीची झडप ओढून गाढ झोपली होती. गुवाहाटीला सामानाची वाट पाहत उभे असताना जाऊबाईंनी मला हळूच विचारले, "ताई, कांचनजंगा दिसले का हो?" तेव्हा मला आठवले की ती सव्वीस वर्षे शाळेत भूगोल शिकवते आहे.

मला ओशाळल्यासारखे झाले. परतीच्या प्रवासात याची भरपाई करायची असे मी ठरवले आणि सर्वांसमोर, थोड्या समाधानानेच, सहाव्या रांगेतील 'ए' क्रमांकाची तीच खिडकी तिला दिली. पुतण्यानेही तक्रार केली नाही. विमान उडाले, अर्धा तास गेला आणि वैमानिकाने शिखरे पाहण्यासाठी उजवीकडे पाहण्यास सांगितले. पश्चिमेकडे परतताना हिमालय उजव्या हाताला येतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कागदावर तिला खिडकी मिळाली, जे पाहायचे होते ते पुन्हा मिळाले नाही. दिल्लीला उतरल्यावर मी क्षमा मागितली तेव्हा ती हसून म्हणाली, "अहो, कोसी दिसली ना खाली. तीही शिकवतेच की मी."

प्रसंग लहान आहे. कोणाचे काही बुडाले नाही. तरीही तो मला बराच काळ छळत राहिला, कारण प्रशासनात आपण वापरतो त्या वाटपाच्या साऱ्या पद्धती आणि त्यांतील बहुतेक दोष मला त्या सात जागांत दिसू लागले.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य. ती निःपक्ष वाटते, कारण तीत कोणाचा चेहरा पाहावा लागत नाही. पण रांग कधी सुरू झाली आणि कधी संपली हे ज्याच्या हाती असते, त्याच्याच हाती निकालही असतो. दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणात हेच घडले. अर्जांसाठी १ ऑक्टोबर २००७ ही अखेरची तारीख जाहीर झालेली असताना, २५ सप्टेंबरपर्यंतचेच अर्ज विचारात घेतले जातील असे १० जानेवारी २००८ रोजी सांगण्यात आले आणि पुढील पूर्ततेला काही तासांचाच अवधी मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी असे १२२ परवाने रद्द केले. त्यासंबंधीच्या फौजदारी खटल्यात विशेष न्यायालयाने २०१७ साली आरोपींना निर्दोष ठरवले. पण तो प्रश्न वेगळा आहे. पद्धतीतील दोष त्यामुळे पुसला जात नाही. घरातही ज्याच्या हाती मोबाईल आणि आरक्षणाचा क्रमांक, तोच 'प्रथम' येतो.

दुसरी पद्धत लिलावाची. ज्याला हवे त्याने जास्त पैसे मोजावेत. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ती अनेकदा योग्य ठरते. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, नैसर्गिक साधनसंपत्तीच्या वाटपासाठी लिलाव हा घटनेने बंधनकारक केलेला एकमेव मार्ग नाही. लिलावात इच्छेची तीव्रता मोजली जाते असे म्हणतात, प्रत्यक्षात खिशाची खोली मोजली जाते. आमच्या घरात लिलाव केला असता तर पहिली खिडकी बहुधा माझ्याच मुलीला मिळाली असती, तीही झोपण्यासाठी.

तिसरी पद्धत सोडतीची. दोघांचा हक्क सारखाच असेल तर चिठ्ठी टाकण्यासारखा न्याय नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशवर्गातील किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्याव्या लागतात. अर्ज जागांपेक्षा अधिक आले की अनेक राज्यांत सोडत निघते. सोडत निर्दोष असते. पण ज्या आईला अर्ज कुठे भरायचा हेच कळले नाही, तिच्या मुलाची चिठ्ठी त्या पेटीत पडतच नाही. पेटीतून चिठ्ठी काढणारा हात कितीही प्रामाणिक असला तरी पेटीबाहेर राहिलेल्याला तो न्याय देऊ शकत नाही.

चौथी पद्धत गरजेची, आणि येथे आपल्या रेल्वेने एक चांगला धडा घालून दिला आहे. ज्येष्ठ नागरिक आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिला प्रवासी यांनी आरक्षण करताना पसंती नोंदवली नाही, तरीही उपलब्धतेनुसार खालचा बर्थ त्यांना आपोआप दिला जावा, अशी तिची व्यवस्था आहे. प्रत्यक्षात तो प्रत्येकाला मिळतोच असे नाही. पण त्या व्यवस्थेमागील विचार मला महत्त्वाचा वाटतो. गरज असलेल्या माणसाने मागणी करावी याची ती वाट पाहत नाही. वय विचारते आणि स्वतःहून देते.

या चार पद्धतींचे मिश्रण करावे म्हटले तरी पेच सुटत नाही. अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तीन मुले आणि एका बासरीचा दाखला दिला आहे. एकाला ती वाजवता येते, एकाजवळ दुसरे खेळणेच नाही आणि एकीने ती स्वतः बनवली आहे. तिघांचेही म्हणणे खरे आहे. आमच्याकडेही तसेच होते. सासूबाईंची गरज होती, पतींनी पैसे भरले होते, पुतण्याचा पहिलाच विमानप्रवास होता आणि त्या दृश्याचे मोल सर्वांत जास्त कळणारी व्यक्ती अठ्ठाविसाव्या रांगेत बसली होती. यांतील कोणता दावा श्रेष्ठ, यावर मतभेद होऊ शकतात. पण माझी चूक तेथे झालीच नाही. मी दाव्यांची तुलना करून जाऊबाईंना मागे बसवले नव्हते. ती काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होते. कारण तेवढेच होते.

हे लिहिताना मला कार्यालयातील जुन्या टिप्पण्या आठवतात. दुर्गम ठिकाणी कोणाची बदली करायची, सुट्टीच्या दिवशी कोणाला बोलवायचे, निवडणुकीच्या कामासाठी सर्वांत लांबच्या केंद्रावर कोणाला पाठवायचे, या निर्णयांच्या टिप्पणीत 'प्रशासकीय सोय' असे कारण लिहिलेले असते. त्या दोन शब्दांचा अर्थ अनेकदा 'हा कर्मचारी तक्रार करणार नाही' एवढाच असतो. जो ओरडतो त्याच्यासाठी आपण नियम शोधतो, जो गप्प बसतो त्याच्यावर सोय लादतो. अशा टिप्पण्यांवर मीही सह्या केल्या आहेत. 'मला कुठेही चालेल' हे वाक्य आपण संमती समजतो. पुष्कळदा ती केवळ वर्षानुवर्षांची सवय असते.

नोकरीच्या आरंभी जमिनीच्या वाटणीचे एक प्रकरण माझ्यापुढे आले होते. दोन भाऊ, विहीर एक आणि वाद कित्येक वर्षांचा. गावातील एका वृद्धाने मला सांगितले, "बाई, एकाला वाटे पाडू द्या आणि दुसऱ्याला आधी उचलू द्या." वाटे पाडणाऱ्याला शेवटचा वाटा मिळणार असेल तर तो ते समान पाडतो. माकडाने मांजरांचे लोणी खाल्ले, कारण तराजू त्याच्या हातात होता आणि त्याला अडवणारे कोणी नव्हते. वाटणारा आधी घेणार नाही, ही एकच अट तेथे नव्हती.

या साऱ्यातून मी घरासाठी काही नियम तयार केले. ते कार्यालयालाही लागू पडतील असे मला वाटते.

१. गरजेच्या जागा आधी बाजूला काढाव्यात आणि त्यांवर वाद होऊ देऊ नये. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेची जागा ही बक्षीस नव्हे.

२. उरलेल्या जागांचा नियम, कोणती जागा कोणाला येईल हे कळण्यापूर्वी ठरवावा आणि सर्वांना सांगावा. नंतर बदलू नये.

३. प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे. 'तुम्हाला चालेल का' असे न विचारता 'तुम्हाला काय हवे' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला भिडस्त माणूस नेहमीच होकार देतो.

४. मागील वाटपात ज्याला कमी मिळाले त्याचा अनुशेष लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी तो आधी भरून काढावा. भरपाई मात्र खरी असावी. खिडकीच्या बदल्यात खिडकी देताना तिच्यातून काय दिसते तेही पाहावे.

५. हक्क समान राहिले तर चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि वाटप करणाऱ्याने आपली चिठ्ठी सर्वांत शेवटी उचलावी.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दिल्लीहून बागडोगऱ्याला गेलो, तेव्हा हे नियम प्रथमच वापरले. अनुशेषाच्या नियमाने डावीकडील खिडकी जाऊबाईंच्या वाट्याला आली. माझ्या वाट्याला मधली जागा आली. शिखरे त्या दिवशी ढगांत अर्धीअधिक झाकलेली होती. ढगांवर कोणत्याही शासन निर्णयाची सत्ता चालत नाही. तरी जे दिसत होते त्याची नावे ती पुतण्याला सांगत होती आणि माझी मुलगी मागच्या रांगेतून पुढे वाकून ऐकत होती.

वाटपाच्या यादीवर सही करताना आपण सहसा तक्रार-अर्ज पाहतो. अर्ज नसला तर वाटप न्याय्य झाले असे मानतो. माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, सही करण्यापूर्वी यादीतील शेवटच्या नावावर बोट ठेवून स्वतःला विचारावे: हा माणूस येथे नियमाने आला आहे, की तो काही बोलत नाही म्हणून? उत्तर दुसरे असेल, तर ती फाईल एक दिवस थांबवावी आणि त्याला बोलावून विचारावे.