तळघरातला बिनविजेचा पंप

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. त्यांची लेक न्यू जर्सीत घर घेते आहे, घराला तळघर आहे आणि तिथे पावसाळी पाणी येतं असं कुणीसं सांगितलंय. ‘तुम्ही तिकडेच संसार करता, तर काय पाहावं ते सांगा,’ असं त्या लिहितात. मी काही यंत्रातली जाणकार नव्हे, बी. ए. आहे आणि सकाळच्या वेळात बालवाडीत शिकवते. पण या एका बाबतीत चांगलीच पोळले आहे, म्हणून लिहिते.

इथल्या बऱ्याच घरांच्या तळघरात कोपऱ्यात फरशी फोडून गुडघाभर खोल खड्डा केलेला असतो. घराभोवती मुरलेलं पाणी त्यात उतरतं. पाणी चढलं की तरंगता गोळा वर येतो, विजेचा पंप सुरू होतो आणि पाणी पाइपातून अंगणात जातं. एरवी आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पंचाईत अशी, की वादळात वीज जाते, आणि पंप हवा असतो तो नेमका तेव्हाच!

१ सप्टेंबर २०२१ ची रात्र. आयडा वादळाचा पाऊस. शेजारी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पडला. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या, करोनामुळे त्यांचं परतणं लांबलं होतं. वर खोल्या दोनच, म्हणून त्यांचा पलंग तळघरात टाकलेला. साडेदहाला वीज गेली. अकराच्या सुमारास त्या उठल्या, तर पाय घोट्याएवढ्या गार पाण्यात. अंधारातून त्यांनी मारलेली हाक अजून माझ्या कानात आहे. त्यांना वर आणलं आणि आम्ही दोघं बादल्या घेऊन खाली उतरलो. ही आमची चूकच. मध्येच वीज आली असती आणि पाण्यात एखादा बोर्ड बुडालेला असता, तर? तुम्ही असं करू नका. दुसऱ्या दिवशी कळलं, न्यूयॉर्कमध्ये तळघरांतल्या खोल्यांत राहणारी माणसं त्या रात्री बुडून गेली होती. मी ओला पलंग तसाच ओढत वर आणला.

मग जादा पंपाचा विचार सुरू झाला. आमच्या ह्यांचं मत बॅटरीच्या पंपाला. तो वाईट नाही, पण बॅटरी तीन-पाच वर्षांनी बदलावी लागते, आणि वीज फार वेळ आली नाही तर ती संपते. आमच्या घरी घड्याळाचा सेलसुद्धा वेळेवर बदलला जात नाही, हे त्यांनाही कबूल आहे. दुसरा प्रकार नळाच्या पाण्यावर चालतो. त्याला वीजही नको आणि बॅटरीही नको.

आजीकडे ढेकणांसाठी फ्लिटचा हातपंप होता, आठवतो? दांडा दाबला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जायची आणि डब्यातलं औषध आपसूक वर ओढलं जायचं. इथे हवेच्या जागी नळाचं पाणी. बारीक तोंडातून ते जोरात सुटतं, खड्ड्यातलं पाणी सोबत ओढतं आणि दोन्ही मिळून बाहेर पडतं. याचा गोळा विजेच्या पंपाच्या गोळ्यापेक्षा वर बसवतात, म्हणजे पहिला पंप हरला तरच हा चालतो.

हे ऐकल्यावर सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या माण तालुक्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात नवी नवरी असताना खडी फोडायला गेलेल्या आणि पाण्यासाठी कोसभर चाललेल्या.

“प्यायचं पाणी ओतून घाण पाणी काढायचं? कुणी शिकवलं हे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब करून पाहिला. नळाच्या एका लिटरामागे फार तर दोन लिटर घाण पाणी निघतं. पंप सलग चालला तर तासाला दीड-दोन हजार लिटर चांगलं पाणी जातं, म्हणजे पाच-सहा तासांत एक टँकर! त्यांनी मात्र नेमका प्रश्न विचारला, “रोज चालायचा का हा?” नाही, वीज नसेल आणि खड्डा भरला तरच. “मग बसवा,” म्हणाल्या, “पण मोजत जा.”

पहिला माणूस आला तो ‘झडपबिडप काही लागत नाही, अर्ध्या दिवसात जोडून देतो’ म्हणाला. स्वस्तही होता. ह्यांनी होकार देत आणला होता, पण मला आपल्याकडची कावीळ आठवली. नळ बंद असताना पाइपातला जोर जातो आणि गटाराचं पाणी फुटक्या जागेतून आत शिरतं, तेच ना? इथेही रस्त्यावरच्या पाइपातला दाब एकाएकी उतरला, तर खड्ड्यातलं पाणी स्वयंपाकघराच्या नळाला यायचं. ते अडवणारी झडप हवीच. आम्ही परवानाधारक प्लंबर बोलावला, गावच्या कचेरीची परवानगी घेतली. झडपेची दर वर्षी तपासणी करून घ्यावी लागते. यंत्रापेक्षा हाच खर्च जास्त झाला, आणि तोच मला खटकला नाही.

आणखी एक गोम. सुट्टीत भारतात येताना इथे लोक घराचा मुख्य कॉक बंद करतात. तो बंद केला की हा पंपही मेलाच! आम्ही जोडणी त्या कॉकच्या आधी घेतली आणि किल्ली शेजारणीकडे ठेवतो, कारण गोळा अडकून पाणी वाहतच राहिलं तर बिल पाहून भोवळ यायची.

दर तीन महिन्यांनी मी विजेच्या पंपाची पिन काढते आणि खड्ड्यात बादल्या ओतते. गोळा उचलला, सूं असा आवाज आला, बाहेर धार पडली, की पिन आठवणीनं परत लावायची. थंडीत बाहेरचं तोंड गोठलंय का तेही पाहते.

गेल्या पावसात पंप एकदाच चालला, चाळीस मिनिटं. फोनवर सांगितलं तर सासूबाईंनी लगेच विचारलं, “किती घागरी गेल्या?” नव्वदएक, म्हटलं. “लिहून ठेव,” म्हणाल्या. कॅलेंडरवर लिहिलंय.

तर साताऱ्याच्या ताई, लेकीला आधी एवढं विचारा, की घराला पाणी नगरपालिकेचं आहे की स्वतःच्या विहिरीचं? विहीर असेल तर हा पंप घेऊ नका, कारण विहिरीचा पंप विजेवर, वीज गेली की नळच कोरडा. पालिकेचं असेल तर दाब मोजून घ्या, आणि असा पंप चालतो का ते कचेरीत विचारा, काही गावांत मनाई असते. आणि तुम्ही तिकडे गेलात तर पंप असो वा नसो, झोपायला पलंग वरच मागा.