डावऱ्या हाताचा हिशेब



मागच्या खेपेला लोणच्याच्या बरण्यांबद्दल लिहिलं, त्यावर पुष्कळ पत्रं आली. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात देईन. आज जरा लांबचं सांगायचं आहे.

दोन महिने अमेरिकेत, न्यू जर्सीला भाचीकडे राहून आले. तिचा मुलगा १६ वर्षांचा, डावरा, आणि बेसबॉलमधला पिचर. पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलरच म्हणा ना. फक्त चेंडूचा टप्पा पाडायचा नाही, साडेसाठ फुटांवरून थेट फेकायचा. तीन वर्षांचा असताना हा सांगलीला आला होता. जेवताना माझ्या बहिणीनं, म्हणजे त्याच्या आजीनं, डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात दिला. भाचीनं मुकाट्यानं तो परत डाव्या हातात दिला. भर पंगतीत बोलणी खाल्ली तिनं त्यापायी! आता तोच हात बघायला माणसं दोन-दोन तास मोटार चालवत येतात.

या माणसांना स्काऊट म्हणतात. आपल्याकडे मुलगी बघायला येतात ना, तसाच प्रकार. कांदेपोहे तेवढे नाहीत. डावऱ्यांना तिथे मागणी फार. एकूण माणसांत शंभरात दहाच्या आसपास डावरी असतात, पण मोठ्या लीगमधल्या पिचरांत त्यांचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. डावरा पिचर उभा राहिला की त्याचं तोंड आपोआप पहिल्या बेसकडे होतं, त्यामुळे तिथून पळू बघणारा गडी त्याच्या डोळ्यांसमोर राहतो. शिवाय डावऱ्या बॅट्समनला त्याचा चेंडू खेळायला अवघड जातो.

एका सामन्याला असा एक वयस्क स्काऊट माझ्या शेजारीच घडीची खुर्ची टाकून बसला होता. हातात वेग मोजायचं यंत्र, मांडीवर वही. मला वाटलं, वेगाचा आकडा लिहिला की झालं काम. पण तो बघत होता भलतंच. हात सैल फिरतो की झटका बसतो? पन्नासावा चेंडू पहिल्यासारखाच सुटतो का? चार चेंडू बाहेर गेले की समोरच्याला फुकट बेस मिळतो. तसं झाल्यावर पोराचा चेहरा कसा होतो? मग त्यानं भाचीच्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोराची उंची आणखी किती वाढेल ते बापावरून ताडतात म्हणे! भाचीला विचारलं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी घरी कसा वागतो?

गुण द्यायची त्यांची पट्टी २० ते ८० अशी असते. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. प्रत्येक गोष्टीला दोन आकडे: एक आजचा आणि एक, पुढे कुठवर जाईल त्याचा. सगळी गोम त्या दुसऱ्या आकड्यात आहे. सँडी कोफॅक्स नावाचा ब्रुकलिनचा डावरा १९५४ साली डॉजर्स संघानं घेतला, वय १८. वेग विलक्षण, पण चेंडू जाईल तिकडे जाईल! पहिली सहा वर्षं त्याच्या नावावर जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त होतं. १९६१ साली त्याच्या कॅचरनं सुचवलं, जरा कमी जोरानं टाकून बघ. तिथून तो असा खेळला की त्याच्यासारखे फार थोडे झाले. आणि १९६६ च्या शेवटी, अवघ्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवातापायी त्याला खेळ सोडावा लागला.

कोपराचं निघालंच आहे तर आता खरी गोष्ट सांगते.

बुधवारी शाळेच्या सामन्यात पोरानं ८२ चेंडू टाकले होते. शनिवारी क्लबचा सामना, आणि तो म्हातारा आणखी दोघांना घेऊन येणार होता. गुरुवारी सकाळी पोरानं फ्रिजमधला दुधाचा कॅन काढला तो उजव्या हातानं. मी बघितलं, भाचीनं बघितलं, आणि दोघीही गप्प बसलो. खरं सांगते, मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, कशाला मध्ये पडा!

रात्री भाचीनंच त्याला विचारलं. "कोपराच्या आतल्या बाजूला थोडं ओढल्यासारखं होतंय. बाबांना सांगू नकोस, शनिवार झाला की विश्रांती घेतो." नवऱ्यानं क्लबची भलीमोठी फी भरलेली, पोराच्या जिवावर स्वप्नं बांधलेली. ती मला म्हणाली, "मावशी, हा हात राखायला मी सगळ्यांशी भांडले, आणि आता मीच आडवी येऊ?"

तिथल्या बेसबॉलवाल्यांनी २०१४ साली मुलांसाठी नियम घालून दिले आहेत. १५-१६ वर्षांच्या मुलानं एका दिवसात ९५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत. ७६ किंवा जास्त टाकले तर मध्ये चार दिवस पूर्ण विश्रांती. म्हणजे बुधवारनंतर थेट सोमवार. पण शाळेचा कोच शाळेचे चेंडू मोजतो, क्लबचा कोच क्लबचे. बेरीज कोण करणार? ती घरातच व्हायला हवी. आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडतो, तसा चेंडूंचा मांडायचा. दोन्हीकडचे आकडे एकाच चौकोनात. हातात आणलेला चहाचा कप त्या रात्री तसाच निवला, आणि भाचीनं मागच्या दीड महिन्याचे आकडे आठवून आठवून मांडले. विश्रांतीचे दिवस तीन वेळा मोडलेले निघाले.

शुक्रवारी तिनं नवऱ्यापुढे कॅलेंडर ठेवलं. तो चिडला. म्हणाला, "ऑपरेशन करून लोक परत खेळतातच की." हे मी तिथे आणखी दोघा-तिघांच्या तोंडून ऐकलं. टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात, तोही डावराच, डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली त्याच्याच उजव्या हातातला स्नायूबंध बसवला. १९७६ मध्ये तो परत मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. पण तो होता तीस-एकतीस वर्षांचा, चांगला मुरलेला. शिवाय सगळेच काही त्याच्यासारखे परतत नाहीत, आणि परतायलाही वर्ष-दीड वर्ष जातं. सोळा वर्षांच्या, अजून वाढत्या हाडांच्या पोरानं हा हिशेब धरून खेळायचं?

शेवटी कोचला फोन भाचीनंच केला. शनिवारी पोरगा बाकावर बसला, पलीकडे तोंड करून. स्काऊटनं कारण विचारलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि यंत्र पिशवीत घातलं. सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. स्नायूबंध तुटलेला नव्हता, ताणला होता. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग करत असेल, तर त्यालाही एक कॅलेंडर द्या. दुखतंय का असं विचारलंत तर "नाही" असंच उत्तर येईल. दप्तर कुठल्या खांद्यावर आहे, दार कुठल्या हातानं उघडतो, तेवढं बघा.

मी परत निघेपर्यंत त्या स्काऊटचा फोन आला नव्हता. नवरा-बायकोत बोलणं सुरू झालं होतं, पण जेवढ्यास तेवढं. पोरगा मात्र रोज सकाळी कॅलेंडरवर त्या दिवसाचं शून्य स्वतःच मांडत होता.